सगळेच शहाणे, तरी रस्ता जाम का?



गणिताच्या पुस्तकातला रस्ता नेहमी मोकळा असतो. एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते, तर १५ किलोमीटर अंतर किती वेळात कापेल? उत्तर १५ मिनिटं. या उदाहरणात पुढे उसाची ट्रॉली नसते, मागून हॉर्न नसतो आणि रस्त्याच्या कडेला माळव्याची पाटी घेऊन कोणी बसलेलं नसतं. मोटार एकटीच असते.

आपलं नेकनूर मांजरसुंबा ते केज या रस्त्यावर आहे. बीडला निघायचं तर मांजरसुंब्याला जाऊन सोलापूर–धुळे महामार्ग गाठायचा. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर आसपासच्या गावांतून मोटारसायकली, रिक्षा, टेम्पो, बैलगाड्या, चालत येणारी माणसं, सगळे एकाच वेळी गावात. अशा दिवशी १५ मिनिटांचं उत्तर काही उपयोगाचं नाही. कारण माझा वेळ माझ्या वेगावर ठरत नाही, तो इतरांनी कोणता रस्ता धरला यावर ठरतो. इथे वेग, वेळ, अंतराचं गणित थांबतं आणि गेम थिअरी सुरू होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोंडी झाली की आपण लगेच म्हणतो, "लोकांना शिस्तच नाही." हे निदान मला पटत नाही. कोंडीत अडकलेला जवळजवळ प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागलेला असतो. म्हणून उपदेशाने कोंडी सुटत नाही आणि नुसता रस्ता रुंद करूनही बऱ्याचदा सुटत नाही. खेळाचे नियम बदलावे लागतात. आणि ते बदलताना ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याचा विचार सगळ्यात आधी करावा लागतो. हे मत का झालं, ते आता टप्प्याटप्प्याने बघू.

खेळ कशाला म्हणायचं?

गेम थिअरीला मराठीत कोणी 'खेळ सिद्धांत' म्हणतं. नाव खेळाचं असलं तरी विषय गंभीर आहे. जिथे माझा फायदा-तोटा माझ्या निर्णयाबरोबर तुमच्या निर्णयावरही अवलंबून असतो, तो या अर्थाने 'खेळ'. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचं या विषयावरचं मोठं पुस्तक १९४४ मध्ये आलं. पुढे १९५० च्या सुमारास जॉन नॅश या तरुण गणितज्ञाने एक महत्त्वाची कल्पना मांडली. तिला 'नॅश समतोल' म्हणतात. बाकीचे जसे वागतायत तसेच वागत राहिले, तर एकट्याने आपली चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती म्हणजे नॅश समतोल. या कामासाठी त्यांना इतर दोघांबरोबर १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता नीट लक्ष द्या. समतोल म्हणजे चांगली स्थिती, असं या व्याख्येत कुठेही म्हटलेलं नाही. सगळ्यांचं नुकसान होत असेल आणि तरीही एकट्याने बदलून कोणाला काही मिळत नसेल, तर तोही समतोलच.

रेल्वेचं फाटक आठवा. फाटक बंद आहे. डाव्या बाजूला गाड्यांची रांग लागली आहे. एक मोटारसायकलवाला उजवीकडून पुढे येतो. तो पुढे आला म्हणून दुसरा येतो, मग जीप येते. रुळाच्या पलीकडेही हेच चाललेलं असतं. गाडी निघून जाते, फाटक उघडतं आणि दोन्ही बाजूंचे पूर्ण रस्ता अडवून एकमेकांसमोर उभे. यात वेडा कोण? जो रांगेत उभा राहिला तो मागे पडला. जो पुढे घुसला त्याला निदान पुढची जागा तरी मिळाली. प्रत्येकाने आपलं बघितलं आणि सगळेच अडकले.

अशा ठिकाणी रस्त्याच्या मधोमध दुभाजक घातला की हा प्रकार थांबतो. तीच माणसं, तोच स्वभाव, तीच घाई. फक्त उजवीकडून घुसण्याची चाल खेळातून काढून टाकलेली असते.

आतला रस्ता आणि बाहेरचा रस्ता

आता एक गणित करू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. एका गावात बाजाराच्या दिवशी १०० गाड्या येतात. बाजारातून जाणारा आतला रस्ता जवळचा, पण अरुंद. त्याला लागणारी मिनिटं म्हणजे आत शिरलेल्या गाड्यांची संख्या भागिले ५. दहाच गाड्या असतील तर २ मिनिटं, शंभर असतील तर २० मिनिटं. गावाबाहेरून वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा, पण रुंद. त्यावर कितीही गाड्या असोत, २० मिनिटंच लागतात.

तुम्ही कुठून जाल? आतूनच. कारण सगळेच्या सगळे आत शिरले तरी २० मिनिटं, म्हणजे बाहेरच्याइतकीच. एखादी गाडी जरी बाहेर गेली, तरी आतला वेळ तेवढा कमी. मग आत जाण्यात तोटा तो कोणता? असा विचार शंभर जण करतात, शंभर गाड्या आत जातात आणि प्रत्येकाला २० मिनिटं लागतात. मोकळा रस्ता बाहेर तसाच पडून राहतो.

आता समजा, निम्म्या गाड्या बाहेरून गेल्या. आतल्या ५० जणांना १० मिनिटं, बाहेरच्या ५० जणांना २० मिनिटं. सरासरी १५ मिनिटं. कोणाचाही वेळ आधीपेक्षा वाढला नाही आणि निम्म्या लोकांचा अर्धा वेळ वाचला. पण ही व्यवस्था आपोआप टिकत नाही, कारण बाहेर गेलेला प्रत्येक जण मनात म्हणतो, "मीच का?" आणि पुढच्या खेपेला आत वळतो.

या मागचं कारण समजून घ्या, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. आत ८० गाड्या आहेत आणि एक्याऐंशीवी शिरते. तिला १६ मिनिटांहून थोडं जास्त लागतं, म्हणजे बाहेरच्यापेक्षा तिची जेमतेम ४ मिनिटं वाचतात. पण ती शिरल्यामुळे आधीच्या ८० गाड्यांना प्रत्येकी १२ सेकंद जास्त लागतात. ८० गुणिले १२ सेकंद म्हणजे ९६० सेकंद, म्हणजे १६ मिनिटं. स्वतःची ४ मिनिटं वाचवायला दुसऱ्यांची १६ मिनिटं खर्च झाली. हा खर्च चालवणाऱ्याला दिसत नाही, कारण तो ऐंशी जणांत बारा-बारा सेकंदांनी वाटला जातो. बारा सेकंदांसाठी कोण भांडायला येतंय?

दोन रस्त्यांचं अशा धर्तीचं उदाहरण अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये दिलं होतं. ब्रिटनमधले वाहतूक संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये त्याची दोन तत्त्वं मांडली. पहिलं असं की, प्रत्येक जण आपापला रस्ता निवडतो तेव्हा वापरात असलेल्या सगळ्या रस्त्यांवरचा वेळ सारखा होऊन बसतो. दुसरं असं की, सगळ्यांचा मिळून सरासरी वेळ सर्वांत कमी व्हावा अशी वाटणी वेगळीच असते. या दोन्हींतलं अंतर म्हणजे आपापलं बघण्याची किंमत. आपल्या उदाहरणात २० भागिले १५, म्हणजे ४/३. टिम रफगार्डन आणि एव्हा टार्डोश या दोघांनी २००२ मध्ये सिद्ध केलं की, गाड्यांच्या प्रमाणात सरळ रेषेत वेळ वाढत असेल तर ही किंमत ४/३ च्या वर जात नाही. म्हणजे आपण घेतलेलं उदाहरण अगदी टोकाचं आहे.

नवा रस्ता काढला की सुटेल?

"एक शॉर्टकट काढा, प्रश्न मिटला," हे वाक्य तुम्ही गावोगावी ऐकलं असेल. बघू या, मिटतो का.

२०० मोटारसायकली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निघाल्या आहेत. दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर आधी अरुंद पूल, मग रुंद सडक. दुसऱ्या वाटेवर आधी रुंद सडक, मग अरुंद पूल. रुंद सडकेला नेहमी २५ मिनिटं. अरुंद पुलाला गाड्यांची संख्या भागिले १० मिनिटं. दोन्ही वाटा सारख्याच, म्हणून १०० इकडून आणि १०० तिकडून जातात. प्रत्येकाला १० अधिक २५, म्हणजे ३५ मिनिटं.

आता पहिला पूल ओलांडल्यावर थेट दुसऱ्या पुलाकडे नेणारा एक छान रस्ता झाला, फक्त १ मिनिटाचा. पहिला हुशार माणूस हिशेब करतो: १० अधिक १ अधिक १०, म्हणजे २१ मिनिटं. ३५ ऐवजी २१! तो नव्या रस्त्याने जातो. त्याचं बघून दुसरा, तिसरा, आणि शेवटी सगळे दोनशे. आता दोन्ही पुलांवर २००-२०० गाड्या. २० अधिक १ अधिक २०, म्हणजे ४१ मिनिटं. आधी ३५ होती. रस्ता वाढला आणि प्रत्येकाची ६ मिनिटं जास्त गेली. दोनशे जणांचे मिळून २० तास.

मग एखादा जुन्या वाटेने का जात नाही? गेला तर त्याला पुलावर २० आणि सडकेवर २५, म्हणजे ४५ मिनिटं लागतील. एकट्याने मागे फिरणं परवडत नाही. सगळे जण ४१ मिनिटांत अडकून पडले. हाच तो नॅश समतोल.

जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्राएस यांनी हा प्रकार १९६८ मध्ये दाखवून दिला, म्हणून याला 'ब्राएसचा विरोधाभास' म्हणतात. हे कागदावरचं कोडं आहे असं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये २२ एप्रिल १९९० ला वसुंधरा दिनानिमित्त ४२ वा रस्ता बंद ठेवला. मोठी कोंडी होणार असं भाकीत होतं, प्रत्यक्षात वाहतूक सुरळीत राहिली. दक्षिण कोरियातल्या सेऊल शहराने २००३ मध्ये चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उंच रस्ता पाडायला घेतला आणि २००५ पर्यंत ओढा पुन्हा मोकळा केला. शहर ठप्प होईल ही भीती तिथेही खरी ठरली नाही.

याचा अर्थ नवा रस्ता नेहमी वाईट, असा अजिबात नाही. ज्या गावाला रस्ताच नाही, त्याला तो हवाच. प्रश्न असा विचारायचा की, अरुंद जागा नेमकी कुठे आहे, आणि नवा रस्ता तिच्यावरचा भार कमी करतो की वाढवतो? घागर केवढीही मोठी असो, तोंड अरुंद असलं की पाणी त्याच धारेने पडतं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. सहा पदरी, साधारण ९५ किलोमीटर, शेजारी जुना महामार्ग. पण बोरघाटात काही अंतर हे दोन्ही रस्ते एकत्र येत, आणि जोडून सुट्ट्या आल्या की घाटातल्या कोंडीच्या बातम्या येत. खाली दोन रस्त्यांतून निवड करायची मुभा होती, पण तोंड एकच होतं. म्हणूनच घाटाचा तो भाग टाळणारा वेगळा मार्ग बांधायला घ्यावा लागला.

पैसे घेऊन गर्दी कमी करावी का?

शहरांनी एक उपाय केला आहे. दुसऱ्यांची जी १६ मिनिटं तुम्ही खर्च करता, त्याचे पैसे भरा. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागात शिरायला शुल्क लावलं. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी काही महिने प्रयोग केला. गाड्या साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाल्या. आधी विरोध करणाऱ्या शहराने सार्वमतात बाजूने कौल दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झालं.

आपल्याकडचा टोल हा त्यातला नाही. तो बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी असतो. पहाटे दोनला जेवढा, तेवढाच सकाळी नऊला. त्याने गर्दी पांगत नाही.

आणि नेकनूरसारख्या गावात गर्दीचं शुल्क लावावं, असं मी म्हणणार नाही. दोन जुड्या मेथी विकायला आलेल्या बाईकडून पैसे घ्यायचे आणि मोठ्या गाडीवाल्याने तेच पैसे हसत भरायचे, यात रस्ता मोकळा होईलही, पण कोणासाठी?

आपल्याकडे याहून जुना आणि चांगला उपाय आहे. तो म्हणजे पाळी. कालव्याचं पाणी पाळीने घेतात, हे शेतकऱ्याच्या घरातल्या लेकराला शिकवावं लागत नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. वरच्या शेताने सगळं पाणी ओढलं तर खालचं सुकणार, म्हणून गावाने मिळून पाळ्या ठरवल्या आणि त्या पाळल्या जातायत का हे बघायला माणसं नेमली. रस्ताही पाण्यासारखाच सामायिक आहे. मघाच्या उदाहरणात या बाजाराला निम्मे आतून आणि निम्मे बाहेरून, पुढच्या बाजाराला उलट, असं केलं तर दोन बाजारांत मिळून प्रत्येकाला सरासरी १५ मिनिटंच लागतात. "मीच का?" या प्रश्नाला उत्तर मिळतं: "आज तू, पुढच्या बाजाराला मी."

ज्याच्याकडे गाडीच नाही

आतापर्यंत आपण गाडीवाल्यांचंच बोललो. माझी खरी काळजी वेगळी आहे.

एसटीने रोज जाणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांपैकी एकाने मोटारसायकल घेतली. त्याचा वेळ वाचला, तो बरोबरच वागला. मग दुसऱ्याने घेतली. बस रिकामी पडू लागली, उत्पन्न घटलं, एक फेरी कमी झाली. आता थांब्यावर जास्त वेळ ताटकळावं लागतं, म्हणून आणखी काही जण गाडीकडे वळले. आणखी एक फेरी गेली. एका बसमधली ४४ माणसं दोघं-दोघं करून निघाली तर २२ मोटारसायकली रस्त्यावर येतात. म्हणजे रस्ताही भरला आणि बसही गेली. वाहतूक शास्त्रात याला 'डाउन्स–थॉमसन विरोधाभास' म्हणतात. सार्वजनिक गाडी सोडून प्रत्येक जण खाजगी गाडीकडे वळला की शेवटी दोघांचाही वेळ वाढू शकतो.

यात शेवटपर्यंत थांब्यावर कोण उरतं? शाळेची मुलगी, म्हातारी माणसं, आणि ज्याला गाडीचा हप्ता परवडत नाही तो. त्यांच्याकडे दुसरी चालच नसते. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात एसटी बंद होती, तेव्हा हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ज्याच्याकडे गाडी होती तो गेला. ज्याच्याकडे नव्हती त्याने वडापचे जास्तीचे पैसे मोजले, नाहीतर घरी बसला. दुपारची फेरी बंद होणं हा हिशेबाच्या वहीत एक आकडा असतो. एखाद्या वाडीवरच्या मुलीसाठी ते आठवीनंतर शाळा सुटण्याचं कारण होऊ शकतं.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. हे चांगलंच झालं. पण स्वस्त तिकीट ज्या फेरीचं, ती फेरी वेळेवर यायला हवी ना? सवलत आणि फेऱ्या दोन्ही टिकल्या, तरच प्रवासी बसमध्ये राहतो. रस्त्यासाठी पैसा खर्च करायचाच असेल, तर त्यातला पहिला वाटा शाळेच्या वेळेला धावणाऱ्या बसचा असावा, हे माझं ठाम मत आहे. भरलेली एक बस वीस गाड्या रस्त्यावरून उचलते. त्याचा फायदा बसमध्ये कधीच न बसणाऱ्यालाही होतो.

मग आपण काय करायचं?

महामार्ग गावाच्या हातात नसतो, हे खरं. पण बाजारात पाट्या कुठे मांडायच्या, गाड्या कुठे लावायच्या, मालाचे टेम्पो किती वाजेपर्यंत आत सोडायचे, बाजाराच्या दिवशी कोणती गल्ली एकेरी ठेवायची, यावर ग्रामसभेत नक्कीच बोलता येतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, बाजाराच्या दिवशी गाड्या गावाबाहेर लावायची जागा आणि आतल्या-बाहेरच्या रस्त्याची पाळी ठरवा. दुसरी, एसटी थांबा आणि १०८ रुग्णवाहिकेची वाट कोणत्याही परिस्थितीत अडणार नाही अशी आखून द्या. पट्टा मारा, खांब रोवा, नुसती पाटी लावून भागणार नाही. तिसरी, हे सगळं आधी दोन महिने करून बघा आणि मग ग्रामसभेत विचारा, ठेवायचं की काढायचं. स्टॉकहोमने हेच केलं. करून पाहिल्याशिवाय माणसाचं मत बदलत नाही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मग शिस्त नकोच का?" हवी. पण जो नियम पाळणाऱ्याचंच नुकसान करतो, तो फार दिवस टिकत नाही. नियम पाळणारा मूर्ख ठरणार नाही, एवढी व्यवस्था आधी करा.

वर्गात करून पाहा

शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग एका तासिकेत होतो. २० विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाने गुपचूप 'आत' किंवा 'बाहेर' लिहायचं. बाहेर लिहिणाऱ्याला २० मिनिटं. आत लिहिणाऱ्याला, आत जितक्या चिठ्ठ्या तितकी मिनिटं. पाच फेऱ्या घ्या आणि प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या मिनिटांची बेरीज फळ्यावर लिहा. सगळे आत गेले तर बेरीज ४००. दहा-दहा झाले तर ३००. मग मुलांनाच सांगा, बोला आपसांत आणि नियम बनवा.

मुलं पाळी शोधून काढतात का, ते बघा. कोणी ठरलेलं मोडलं तर काय करायचं, यावर वाद होईल, तो होऊ द्या. आणि शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: या खेळात ज्याला चिठ्ठीच मिळाली नाही, जो चालत निघालाय, त्याच्यासाठी तुमच्या नियमात काय आहे? उत्तरं वहीत लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेला वाचून दाखवा.